रुमालाची घडी

अकरा वर्षं मी वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या चुका काढल्या. मुद्रितशोधकाला बोल लावायला सगळे असतात, त्याचं नाव छापायला कुणी नसतं. म्हणून चाळिशी ओलांडल्यावर मी पुरवणीच्या संपादकांकडे लेख लिहायला शिकायला लागले.

संपादक तिरसट. काचेच्या कारखान्यातल्या धुळीवरचा माझा पहिलाच लेख त्यांनी दोनदा परत केला. आकडे आहेत, अहवाल आहेत, पण माणूस कुठाय, असं विचारलं.

"एक माणूस दाखवा," ते म्हणाले. "त्याची अशी एखादी सवय, जी दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही."

माणूस माझ्या घरचाच होता. दादा, माझा सख्खा थोरला भाऊ, त्याच कारखान्यात काच घासायचा. धूळ छातीत कायमची बसली होती. औषधं आणि घरी लावायचं ऑक्सिजनचं सिलिंडर कारखान्याच्या दवाखान्यातून मिळायचं, तेही नोकरी असेपर्यंतच. तो बोलायला तयार झाला तो एकाच अटीवर. त्याला कुणी ओळखता कामा नये.

मी शब्द दिला. नाव बदललं, वय बदललं, खातं बदललं. छपाईआधी पान तीनदा तपासलं, तेवढं तर मला येतंच. आणि पहिल्याच परिच्छेदात माणूस उभा केला. खोकल्याची उबळ ओसरली की तो रुमालाची ओली बाजू आत घेऊन घडीवर घडी घालतो, अगदी बोटाएवढी होईपर्यंत, आणि ती डाव्या मोज्यात खोचतो. खिशात ठेवत नाही, कारण खिशात पोरं हात घालतात.

संपादकांनी तो परिच्छेद वाचला आणि पहिल्यांदाच काही खोड काढली नाही. रविवारी लेखावर माझं नाव पाहून अंगावर मूठभर मांस चढलं.

सोमवारी कारखान्यात साहेबांनी दादाला बोलावलं. कात्रण टेबलावर होतं. विचारलं काहीच नाही, फक्त त्याच्या डाव्या पायाकडे पाहिलं. हे मला वहिनीने दारातच उभं करून सांगितलं. नोकरी गेली होती आणि सिलिंडर परत न्यायला उद्या गाडी येणार होती. मी म्हटलं, नाव तर कुठेच नव्हतं. बोलतानाच माझी मला लाज वाटली.

"नाव कशाला हवं होतं?" वहिनी म्हणाली. "तू त्यालाच छापलंस."

संपादकांना हे सगळं सांगितलं. ते हळूच म्हणाले की यावरही लिहिता येईल. मला त्यांची चीड आली. त्याहून जास्त स्वतःची आली, कारण पहिलं वाक्य मला तेवढ्यात सुचलंही होतं.

दादा मला एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. पण आता माझ्यासमोर तो रुमाल काढत नाही, उबळ आली की आतल्या खोलीत जातो. काल गेला आणि त्याने कडी लावली. खोकला थांबेना. वहिनी दार बडवत राहिली, दार उघड म्हणून विनवत राहिली.

आतून धाप लागलेला आवाज आला. "आधी तिला जाऊ दे."