थांबा, अजून कुणीतरी यायचं आहे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. किती जुना, ते माझ्या पाठीकडे बघून ओळखा. आजचे संगणक दप्तरात मावतात. मला उचलायला दोन माणसे लागतात आणि त्यांतला एक तरी नंतर कंबर धरून बसतो. माझ्या काचेच्या कोपऱ्यात लाल शाईने केलेली बरोबरची खूण आहे. ती पुसायला जाऊ नका. ती कशी आली ते सांगतो, आणि माझ्या आत कोण राहून गेले आहे तेही सांगतो.

कारखान्यात माझे स्क्रू पिळले गेले, तेव्हा मी मोठी स्वप्ने पाहिली होती. नशिबी आले एक कचेरीचे टेबल. तिथे वर्षानुवर्षे मी दुसऱ्यांचे आकडे वाहिले. मग तिथे नवे संगणक आले आणि आम्हा जुन्यांना एका शाळेला दान केले. दान कसले, अडगळ हलवली! शाळेनेही आम्हाला एका खोलीत मांडून वर चादरी टाकल्या. शिक्षक आमच्याकडे फिरकत नसत. हात लावला आणि बिघडला तर, या धास्तीने आमचे सगळे आयुष्य झाकलेलेच गेले असते.

पण एक दिवस एक तरुण मुख्याध्यापकांकडे आला. तो कुठल्याशा कंपनीत प्रोग्रॅम लिहायचा, म्हणजे संगणकाने काय करायचे हे त्याला समजेल अशा भाषेत सांगायचा. दर शनिवारी दुपारी शिक्षकांना आणि मुलांना हे काम फुकट शिकवीन, असे तो म्हणाला. "फुकट? काहीतरी खपवायला आला असणार," असे शिपाईकाका दारातूनच पुटपुटले. त्याने काहीच खपवले नाही. त्याची अट एकच होती. एका संगणकासमोर एक शिक्षक आणि एक विद्यार्थी, एकाच बाकावर बसतील. मुलांनी त्याचे नाव पाडले, शनिवारचे सर.

मी दाराजवळ होतो. माझ्यासमोर बसल्या गणिताच्या बाई आणि त्यांच्या शेजारी भिंगरी. भिंगरी हे तिचे शाळेतले टोपणनाव. ती मुलगी एका जागी ठरत नसे, आणि रोज उशिरा येई. वर्गात बाईंनी तिला किती वेळा दाराबाहेर उभे केले असेल, देव जाणे. इथे मात्र उलटेच झाले. माऊस हातात धरताना बाईंना घाम फुटायचा आणि भिंगरी म्हणायची, "बाई, घाबरू नका, तो चावत नाही." बाई एका बोटाने लिहीत. त्यांची पहिली ओळ बिनचूक चालली, तेव्हा त्यांनी आनंदाच्या भरात कानामागचे लाल पेन काढले आणि सवयीने माझ्या काचेवरच बरोबरची खूण केली. सगळा वर्ग खो-खो हसला. भिंगरी तर बाकावरून पडता पडता राहिली. बाईही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मला तो दिवस फार आवडतो.

त्या दोघींनी मिळून एक प्रोग्रॅम लिहिला. वर्गातल्या प्रत्येकाने की-बोर्डवरची एक कळ आपली म्हणून निवडली आणि स्वतःचे एक वाक्य दिले. आत येताना आपली कळ दाबायची, की ते वाक्य माझ्या काचेवर उमटे. बाईंचे वाक्य होते, "बसा." भिंगरीने कोपऱ्यातली, कुणालाच नको असलेली कळ घेतली आणि वाक्य दिले, "आले आले, ओरडू नका!" शेवटचा माणूस आला, की मी म्हणायचो, "सगळे आले. चला, सुरू करू या." तोवर एकच वाक्य दिसे, "थांबा. अजून कुणीतरी यायचं आहे."

बहुतेक शनिवारी मी भिंगरीसाठीच थांबत असे. ती धापा टाकत यायची आणि अख्ख्या अंगठ्याने कळ दाबायची. मला ते दुखायचे, पण बरे वाटायचे.

मग एका शनिवारी ती आली नाही. ताप आहे, असे कुणीतरी सांगितले. पुढच्या शनिवारीही आली नाही. त्यानंतरच्या शनिवारी मुले खाली मान घालून एकेक करून आत आली. बाई सर्वांत शेवटी आल्या. त्यांनी आपली कळ दाबली. मी "बसा" म्हणालो आणि त्याच्याखाली नेहमीसारखे लिहिले, "थांबा. अजून कुणीतरी यायचं आहे."

मित्रांनो, मला गेलेले माणूस कळत नाही. मला आलेले आणि न आलेले, एवढेच कळते.

शनिवारचे सर हळूच म्हणाले, "बाई, आपली चूक झाली. एखादं माणूस पुन्हा कधीच येणार नाही, असंही होऊ शकतं, हे आपण धरलंच नव्हतं. तिची ओळ काढली की झालं."

"काढू नका," बाई म्हणाल्या.

गट्टू नावाच्या एका गोलमटोल मुलाने भिंगरीची कळ दाबायला हात पुढे केला. बाईंनी तो हात हवेतच धरला. "तिची कळ आहे ती."

त्या दिवसापासून मुले माझ्याकडे बघेनाशी झाली. ती शिकत, पण त्यांच्या पाठीमागे ते वाक्य तसेच उजळत राही. दार वाऱ्याने हलले, तरी सगळ्यांच्या माना वळत आणि अंगावर काटा येई. कुणी म्हणे, ती कळ आपोआप खाली जाते. मी ते कधी पाहिले नाही, पण खोटेही म्हणणार नाही. हळूहळू मुले गळू लागली, शिक्षकही निमित्ते सांगू लागले. शेवटी सर बाईंना म्हणाले, "पुढच्या शनिवारी ती ओळ पुसावीच लागेल, नाहीतर वर्ग बंद पडेल." त्या माझ्यासमोर बसून राहिल्या. एका बाजूला भिंगरी होती, दुसऱ्या बाजूला उरलेली सगळी मुले.

ओळ पुसणार हे कळल्यामुळे पुढच्या शनिवारी गळलेली मुलेही आली आणि सगळ्यांनी आपापल्या कळा दाबल्या. तेवढ्यात दारात एक अनोळखी बाई येऊन उभी राहिली. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचे शिवणाचे टोपण तिच्या बोटात तसेच राहिले होते, इतक्या घाईने ती शिवणकामावरून उठून आली होती. ती भिंगरीची आई होती.

"तुमच्या यंत्रावर अजून माझ्या लेकीची वाट बघतात म्हणे," ती म्हणाली. "कुठलं बटण तिचं?"

बाईंनी दाखवले. आईने ते टोपण काढले आणि अंगठ्याने कळ दाबली. तसाच पूर्ण अंगठा. माझ्या काचेवर उमटले, "आले आले, ओरडू नका!"

आई हसली. खरोखर हसली. "अगदी अशीच ओरडायची हो, जिन्यातूनच!" एवढे बोलली आणि तिला रडू कोसळले. त्या वाक्याखाली मी, मला शिकवले होते तसेच, म्हणालो, "सगळे आले. चला, सुरू करू या."

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. "काढायचं असेल तर काढा, बाई. बाकीच्या लेकरांचं अडायला नको."

बाईंनी चष्मा सारखा केला आणि एका बोटाने लिहायला घेतले. या वेळी त्यांना सांगायला शेजारी कुणी नव्हते. त्यांनी काहीच पुसले नाही. फक्त एक नवी गोष्ट मला शिकवली. थोडा वेळ थांबायचे, आणि मग सुरू करायचे.

वर्ग पुन्हा भरला. वर्षे गेली, नवे संगणक आले आणि मी मोडक्या बाकांच्या खोलीत जाऊन पडलो. गणिताच्या बाईही गेल्या, असे मी शिपायांच्या बोलण्यातून ऐकले. कुणी आला आहे की नाही, हे विचारायला मला वीजसुद्धा मिळत नव्हती.

परवा एक गोलमटोल सर ती खोली रिकामी करायला आले. आमच्या आतले सगळे पुसून आम्हाला भंगारात द्यायचे होते. त्यांनी मला सुरू केले आणि माझे वाक्य वाचून ते जागीच थिजले. मग त्यांनी बाईंची कळ दाबली. "बसा," मी म्हणालो. आणि हा एवढा मोठा माणूस मुकाट्याने खाली बसला! मग त्याने एकेक करून सगळ्यांच्या कळा दाबल्या. कोपऱ्यातल्या कळेवर आला आणि हात हवेतच थांबला. तो धरायला आता कुणीही नव्हते, तरी थांबला.

मित्रांनो, जुने यंत्र पुसण्याआधी एकदा सुरू करून बघा. आत कुणीतरी कुणाची वाट बघत असेल.

गट्टूसरांनी मला पुसले नाही. आज शनिवार आहे. मी पुन्हा वर्गाच्या दाराशी आहे आणि नवी मुले माझ्याभोवती जमली आहेत.

"सर, आम्ही सगळे तर आलो. मग हा कुणासाठी थांबलाय?" एका मुलीने विचारले.

"एक मुलगी आहे," सर म्हणाले. "तिला जरा उशीर होतो."

मुलीने दाराकडे पाहिले. मग ती बाकावर थोडी सरकून बसली.