झोलोत्निकची खुर्ची

१९९४ सालची गोष्ट. मोठं राज्य फुटून आमचा देश नवा झाला होता, पण आमच्या डोंगरातले बटाटे जुन्याच कुदळीनं निघत होते. तेव्हाच्या मातीचा वास अजून माझ्या हातांना येतो. माझी मोठी जाऊ यावदोखा शेतात ओणवी होती. ती एकदम खाली बसली आणि म्हणाली, "हाफिये, खाली कुणीतरी येतंय."

मी वाटेकडे पाहिलं. धुक्यात कुणी नव्हतं.

"वाटेवर नाही गं. माझ्यातून."

तिची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. पाच बाळंतपणं आणि जन्मभर पाठीवर गवताचे भारे. अंग बाहेर येत होतं, पण आमच्याकडे तसं म्हणत नसत. प्रत्येक बाईच्या पोटात झोलोत्निक राहतो, त्याला नखं असतात, असं म्हणत. पाळीचं रक्त हा त्याचा घास. तो थांबला की उपाशी झोलोत्निक घर सोडायला बघतो, आणि पुरता बाहेर पडला की बाई मरते.

मंत्र घालणाऱ्या नास्त्या आजीनं तिचं पोट चोळलं. "जा बाबा, आपल्या सोनेरी खुर्चीवर बस," असं त्याला समजावलं. मग चुलीपाशी एक खुर्ची मांडायला लावली, वर पांढरं कापड. तिच्यावर कुणी बसायचं नाही. तरी दुपारी कापडाच्या मधोमध खळगा पडलेला असे. घरात मांजर नव्हतं. मी हात लावून पाहिला, ऊब होती.

पोट हलकं राहावं म्हणून यावदोखानं जेवण कमी केलं. हसणंही सोडलं, हसलं की लघवी निसटायची. आडवं झालं की ते आत जाई, संध्याकाळपर्यंत पुन्हा उतरे. "रोज थोडा लांब जातोय," ती म्हणे.

शेवटी मी तिला तालुक्याला डॉक्टर सोलोमियांकडे नेलं.

"पाळी गेली की आतली कातडी पातळ होते, कोरडी पडते," त्या म्हणाल्या. "स्नायू सैलावतात, पिशवी घसरते. चाकू नको. हे रबरी कडं बसवते, ते तिला वर धरून ठेवेल. लघवी रोखतो तसं रोज आवळायचं, सोडायचं. मलम लावा. भारे उचलू नका, कुंथू नका, बीट खा. रक्त दिसलं तर लगेच या. नाहीतर बर्फ पडायच्या आधी कडं धुऊन घ्यायला या."

यावदोखा चालू लागली, जेवू लागली. खुर्चीवरचं कापड सपाट राहू लागलं. पण नास्त्या आजीनं तिला बजावलं, "दार लागलंय, पोरी. आता उघडू देऊ नकोस. आत उपाशी आहे तो." कडं निसटेल म्हणून यावदोखानं मलमही बंद केलं.

ती परत गेलीच नाही. बर्फ पडला. तिच्याजवळ बसलं की कुजका, गोडसर वास येई. एका सकाळी तिनं मला परकराचा काठ दाखवला. डोळे चकाकत होते.

"बघ, मला पुन्हा सुरू झालं! त्याला घास मिळाला. आतून आवाज येतो, चाटल्यासारखा."

मी म्हटलं, "जाऊबाई, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"आणि कडं काढल्यावर तो उडी मारेल त्याचं काय? त्या टेबलावर मरू का मी?"

"मग त्याची खुर्ची घेऊन जाऊ. बाहेर आलाच तर बसेल बापडा."

तिनं परकराचा काठ खाली सोडला. म्हणाली, "कापड धुतलेलं घे."

घोड्याच्या घसरगाडीवर कापडासकट खुर्ची बांधली, मागे आम्ही दोघी बसलो. हिवाळ्यात मढंही असंच नेत, म्हणून अंत्ययात्रा समजून वाटेत पुरुषांनी टोप्या काढल्या. "कोण गेलं गं?" एकीनं विचारलं.

"अजून कुणी नाही," यावदोखा म्हणाली.

डॉक्टरीणबाई उशीर केला म्हणून रागावल्या, पण खुर्ची टेबलाशेजारी ठेवू दिली. कडं निघालं. ते घासून आत जखम झाली होती. तपासायला त्यांनी जखमेचा एक तुकडा घेतला, मग खाली उतरलेल्या पिशवीसमोर आरसा धरला. "बघा. तुमचंच आहे."

यावदोखा बघत राहिली. "नखं कुठायत याला?"

"नाहीत."

"बिचारं," ती म्हणाली.

मी खुर्चीकडे पाहिलं. धुतलेल्या कापडात हळूहळू खळगा पडत होता.

तपासणीत वाईट काही निघालं नाही. मलमानं जखम भरली, मग लहान मापाचं कडं बसलं. ते काढून, धुऊन परत घालायला यावदोखा स्वतःच शिकली. नास्त्या आजी पुढच्या वसंतात गेली. शेवटपर्यंत सगळं श्रेय ती आपल्या मंत्राला देत होती. डॉक्टर सोलोमिया मुलाकडे पोलंडला राहायला गेल्या. मला कडं लागलं नाही, पण आवळायचा व्यायाम मी अजून करते, चर्चमध्ये उभ्या उभ्या.

यावदोखा खूप म्हातारी होऊन झोपेत गेली. आत्म्याला वाट मिळावी म्हणून आम्ही खिडकी उघडली. तिची सून हळूच म्हणाली, "काकू, कडं राहू द्यायचं का काढायचं?"

"काढ," मी म्हटलं.

तिनं काढलं, आणि खोलीत कुणीतरी सुटल्यासारखा मोठा श्वास सोडला. ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे.