साहेबांचे पंख

साहेब खरं तर पोपट होते, पण त्यांना पोपट म्हणायची त्या घरात कुणाची हिंमत नव्हती. कापड बेतायच्या टेबलावरून ते तपासणीला आल्यासारखे चालत. मान तिरकी, छाती पुढे, वाटेत खडू आला तर त्याला एक लाथ. सात वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक बाई त्यांना पिंजऱ्यासकट ठेवून गेल्या होत्या. "दोन दिवसांत न्यायला येते," म्हणाल्या, त्या अजून येताहेत. लहानपणापासून पिंजऱ्यातच वाढल्यामुळे साहेबांना उडणं कसं ते ठाऊकच नव्हतं. घाबरले की नुसती फडफड करायचे आणि ओल्या फडक्यासारखे धप्पकन खाली यायचे.

घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. दोघी बहिणी तिथे बायकांचे कपडे शिवत. कापायचं ताईनं, शिवायचं धाकटीनं. वडिलांनी हाताला धरून शिकवलं तेव्हापासूनची, म्हणजे अठ्ठावीस वर्षांची ही वाटणी. धाकटी आता नावापुरतीच धाकटी होती, चाळिशी केव्हाच उलटली होती. पण ताईपुढे ती अजून 'अगं, तुला काय कळतंय' याच वयाची होती.

त्या वर्षी दुसऱ्या शहरातल्या एका कारखान्यानं धाकटीला नमुने शिवायच्या कामावर बोलावलं. तिचं शिवण बघून बोलावलं, हे तिला पुन्हा पुन्हा स्वतःशी म्हणावंसं वाटे. राहायला खोली मिळणार होती. अडचण एकच, दिवसभर साहेब एकटे. त्यांना कोंडून ठेवायला तिचं मन घेईना. मोकळं ठेवावं, तर ते दचकून पडणार, पाण्याची वाटी वर आणि हे खाली, संध्याकाळपर्यंत उचलणार कोण?

"साहेब खोलीभर नीट उडायला लागले की मी जाईन. नाही जमलं तर नाही जाणार," तिनं सांगून टाकलं. कारखान्यानं महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवली होती.

"मग शिकवू या की," ताई म्हणाली. "मी आहे ना."

आणि ताई होतीच, हे कबूल करायला हवं. दुकान उघडण्याआधीचा तासभर दोघी साहेबांच्या मागे लागत. पंख्याच्या बटणावर ताईनं चिकटपट्टी लावली. माप घ्यायच्या मोठ्या आरशावर चादर टाकली, कारण साहेब आरशातल्या दुसऱ्या साहेबांवर धावून गेले असते. इस्त्री उचलून आतल्या खोलीत, बादलीवर झाकण, खिडक्यांना पडदे, आणि लोहचुंबक फिरवून जमिनीवरच्या टाचण्या गोळा. मग धाकटी एका खुर्चीच्या पाठीवर साहेबांना बसवी आणि वीतभर अंतरावर सूर्यफुलाचं बी धरी. वीतभराचं हातभर झालं, हातभराचं दोन खुर्च्यांचं. धडा संपला की ती म्हणे, "दाखव," आणि साहेब एकेक पंख पसरून उभे राहात. कुठे पीस मोडलंय का, लागलंय का, ते ती बघे. मग दोन्ही पंखांचं एकेक बी. साहेबांना पुढे पुढे उडण्यापेक्षा या तपासणीचीच गोडी लागली.

महिना संपायला बारा दिवस असताना ते टेबलावरून निघाले आणि थेट समोरच्या कपाटावर जाऊन बसले. मध्ये कुठेही टेकले नाहीत. परत बोलावलं तर परतही आले. धाकटी खाली बसून लहान मुलीसारखी रडली. ताईनं तिच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "झालं बाई तुझ्या मनासारखं."

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी तयार कपडे पोहोचवायला गेली होती. त्यानंतरच्या सकाळी साहेब टेबलावरून निघाले आणि सरळ जमिनीवर आपटले. पुन्हा निघाले, पुन्हा आपटले. तिसऱ्यांदा टेबलाच्या कडेशी आले, खाली बघितलं आणि मागे सरले. ते मागे सरणं बघून धाकटी पुढे झाली.

"दाखव," ती म्हणणार, एवढ्यात ताईनं साहेबांना उचलून छातीशी धरलं. "राहू दे गं त्याला. खांदा दुखावला असेल. चार-पाच दिवस पंख पसरायला लावू नकोस, नाहीतर कायमचा जायचा." धाकटीनं ऐकलं. ताईचं ती अठ्ठावीस वर्षं ऐकत आली होती, पाच दिवसांनी काय होणार होतं? साहेब पंख मिटून बसले होते आणि मिटलेल्या पंखात तिला काही वावगं दिसत नव्हतं.

पाचव्या दिवशी ताई स्वतःच म्हणाली, "कारखान्याच्या बाईंना कळवून टाक. लोक किती थांबतील? मी सांगते, तू लिही." धाकटीनं फोनवर लिहिलं, ताईनं शब्द नीट करून दिले. 'घरच्या अडचणीमुळे येऊ शकत नाही, क्षमस्व.' पाठवायच्या आधी तिला वाटलं, एकदा बघू. ताई चहा टाकायला आत गेली होती.

"साहेब, दाखव."

साहेबांनी खुशीत पंख पसरला. बाहेरची दोन पिसं होती तशी होती. त्यांच्या आतली पाच मधूनच कापलेली होती. दुसऱ्या पंखाचीही तशीच पाच. मिटल्यावर ही कापलेली पाच बाहेरच्या दोन पिसांखाली लपून जात.

धाकटीनं मशीनचा दिवा ओढून जवळ घेतला. काप तिरका होता, उजवीकडून डावीकडे चढणारा, आणि शेवटी टोकाला किंचित उचललेला. ताई डावखुरी. वडिलांची कात्री उजव्या हाताची, त्यामुळे ताईचा प्रत्येक काप शेवटाला असा हलकासा उचलला जाई. अठ्ठावीस वर्षं धाकटी ते उचललेलं टोक कापून मगच शिवत आली होती. कधी बोलली नव्हती. ताईला वाईट वाटेल म्हणून.

ताई चहाचे कप घेऊन आली, दिवा बघितला, पसरलेला पंख बघितला. कप तिनं हळूच मशीनवर ठेवले.

"दोन्हीकडून सारखे कापलेत," ती म्हणाली. "तोल जाऊ नये म्हणून. त्याला दुखलं नाही, नखं कापतो तसंच ते."

"धरलंस कसं त्याला?"

"धरावं नाही लागलं." ताईनं मान खाली घातली. "मी म्हटलं, दाखव. त्यानं दाखवला."

धाकटीला वाटलं, ओरडावं. केसानं गळा कापणं म्हणतात ते तिनं शंभरदा ऐकलं होतं, पण ते करणारं माणूस आरशावर चादर टाकतं, टाचण्या वेचतं, पाठीवर हात फिरवतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"नवी पिसं यायला किती महिने लागतात, माहीत होतं तुला?"

"माहीत होतं." मग ताई एकदम बोलायला लागली. "मी एकटी काय करणार होते गं इथे? कापून ठेवलेलं कोण शिवणार? जेवायला बसले की समोर कोण? तुला काही वाटलंच नाही. तू आपली बी घेऊन त्याच्या मागे."

"मग मला म्हणायचंस, जाऊ नकोस."

"म्हटलं असतं, तर तू राहिली असतीस?"

"राहिले असते, ताई," धाकटी म्हणाली. "एकदा तोंडानं म्हणाली असतीस, तर राहिले असते."

चहाला साय धरली.

धाकटीनं फोन उचलला, लिहिलेलं सगळं पुसलं आणि नव्यानं लिहिलं, 'एक तारखेला हजर होईन.' मग खुंटीवरची कात्री काढली. टोकं छाटण्यापलीकडे कापड कापायची तिची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. जाड कापडाच्या पट्ट्या वेड्यावाकड्या निघाल्या. त्यांच्या वेण्या घातल्या, मध्ये मध्ये गाठी मारल्या आणि एक लांबच लांब शिडी केली, जमिनीपासून पाण्याच्या वाटीपर्यंत पोहोचेल अशी. साहेबांना उडता येत नसलं, तरी चोच आणि पाय शाबूत होते. दोन दिवसांत ते खालून वर चढायला शिकले, प्रत्येक गाठीवर थांबून शिव्या देत. हे आधीच का सुचलं नाही, याचाही तिला राग आला. ताई कोपऱ्यात बसून बघत होती. टाचण्या वेचायला ती उठली नाही आणि धाकटीनं तिला बोलावलं नाही.

निघायच्या सकाळी दारात पिशवी होती, पिंजरा होता आणि साहेब धाकटीच्या मनगटावर होते. ताई जवळ आली. तिला काहीतरी म्हणायचं होतं. तिनं साहेबांपुढे बोट केलं आणि जे तोंडात आलं ते म्हणून गेली.

"दाखव."

साहेबांनी मान तिरकी केली, ताईकडे बघितलं आणि मोठ्या ऐटीत पंख पसरला. मधली पाचही बोथट पिसं सकाळच्या उन्हात उघडी पडली. ते बी मिळायची वाट बघत तसेच उभे राहिले.

धाकटीनं तो पंख हातानं हळूच मिटवला आणि ती पायऱ्या उतरली.