सतरा घरट्यांची दिवाळी

मी तोंडाची फटकळ आहे हे आमच्या तंजावूरच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक. म्हणून तर तळ्याच्या बैठकीत बोलायला मलाच पुढे केलं. तळं आमच्या परसाला लागूनच, बायपासच्या अलीकडे. अकरा वर्षं त्यात सांडपाणी साचत होतं. माझ्या यजमानांनी, वरुणरावांनी, नोकरीतून सुटल्यावर शेजाऱ्यांना हाताशी धरून तीन उन्हाळे ते उपसलं. आणि यंदा काठच्या चिंचांवर करकोचे उतरले. चोच मिटली तरी मधे फट राहते, भातशेतातल्या गोगलगायी वेचून खातात, ते. सतरा घरटी मोजली आमच्या लेकीने, शांभवीने, माहेरपणाला आली तेव्हा. ती म्हणाली, मोठ्या आवाजाला भ्याली तर ही पाखरं पिल्लं टाकून उठतात, पुन्हा त्या झाडाकडे फिरकत नाहीत. मग काय, मी एकेकाला दरडावून वचन घेतलं की यंदा फटाके नाहीत. शेजारच्या हनुमंतरावांनी नातवंडांचं निमित्त काढलं, त्यांनाही सोडलं नाही.

पण शांभवीची ही लग्नानंतरची पहिली दिवाळी. इकडे तिला तलै दीपावली म्हणतात. जावयाने सासरी यायचं, पहाटे न्हाऊन फटाक्यांची पहिली माळ त्याने लावायची. विहीणबाई सुंदरीअक्का कोइंबतूरहून फोनवर सहज म्हणाल्या, त्यांच्या जावयाला दहा हजारी माळ आणली होती. सहज कसलं, डोंबल!

झालं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी गुपचूप तसलीच माळ आणून तांदळाच्या पिंपात लपवली. एकच तर माळ, असं मनाला समजावलं. लेकीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागलं तर?

दिवाळीच्या पहाटे जावई कल्याणराम न्हाऊन, नवी वेष्टी नेसून अंगणात आला आणि मी माळ बाहेर काढली. वरुणराव उठले आणि आत जाऊन बसले. बाई, रागावले असते तर परवडलं असतं. शांभवीचे डोळे भरून आले.

"आई, कालच चार घरट्यांत पिल्लं निघालीत," ती म्हणाली.

मी कल्याणरामाकडे पाहिलं. तो बिचारा म्हणाला, तुम्ही सांगाल तसं. घ्या, सगळं माझ्याच गळ्यात.

तेवढ्यात त्याच्या फोनवर सुंदरीअक्का आल्या. गंगास्नान, म्हणजे पहाटेचं अभ्यंग, झालं का, म्हणून सगळ्यांना विचारलं आणि म्हणाल्या, फोन जरा अंगणात धरा, माळ ऐकू दे. कल्याणरामाने फोन माझ्यासमोर धरला. उजाडत होतं. भिंतीपलीकडच्या चिंचेवर एक पाखरू पिल्लांवर पंख पसरून उभं होतं.

"सुंदरीअक्का, माळ वाजणार नाही," मी म्हटलं. "आमच्या दारात सतरा बाळंतिणी आहेत. काय बोलायचं ते मला बोला, शांभवीला नको."

गेली सोयरीक, मला वाटलं. शांभवीने माझा हात घट्ट धरला.

"कल्याण झाला तेव्हा दिवाळी आठ दिवसांवर होती," सुंदरीअक्का हळू म्हणाल्या. "बार उडाला की हे एवढंसं पोर दचकायचं, रडून रडून निळं पडायचं. मी त्याचे कान झाकून बसून राहिले. थांबा म्हणायचा मला धीर झाला नाही, आणि माझ्यासाठी म्हणणारंही कोणी नव्हतं. बरं केलंत, जयलक्ष्मी."

कल्याणराम हे पहिल्यांदाच ऐकत होता. त्याने फोन माझ्या आणखी जवळ आणला.

सुंदरीअक्कांना दिसणार नाही हे ठाऊक होतं, तरी मी त्या फोनला दोन्ही हात जोडले.