तारांच्या चाकांची मोटार

मी एक जुनी मोटार आहे. दोनच माणसं बसतील एवढी, अंगानं बुटकी, रंगानं हिरवी आणि वरून उघडी. मलकापूरच्या शिवारात, कडब्याच्या शेडमध्ये मी सात वर्षं कोंडलेली आहे. दाराला बाहेरून कडी असते. पलीकडं हमरस्त्यावरून ट्रक जातात, त्यांचे हॉर्न ऐकून मी दिवस मोजते. मित्रांनो, तुम्ही माझी गोष्ट ऐकायला थांबलात, हेच पुष्कळ झालं.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. आमच्या कारखान्यात गिऱ्हाइकाला आधी विचारत, रंग कोणता हवा, गादीचं चामडं कसलं हवं आणि चाकं कोणती हवीत? माझ्याबरोबरच्या बहुतेकींना पत्र्याची साधी चाकं होती. मला ज्या गोऱ्या साहेबानं मागवलं, त्यानं हौसेनं तारांची चाकं मागितली. प्रत्येक चाकाला साठ तारा आणि मधोमध दोन कानांचा चकचकीत नट. इंजिन तेच, पत्रा तोच. पण मुंबई बंदरात उतरले, तेव्हा हमाल हातातलं काम टाकून माझ्याकडं बघत राहिले. शेजारी माझीच एक बहीण होती, पत्र्याच्या चाकांची. तिच्याकडं कुणी ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. माझं सगळं रूप माझ्या पायांत आहे, हे मला त्या दिवशी कळलं. गर्वही झाला. खोटं कशाला बोलू?

साहेब मायदेशी निघाला, तेव्हा एकोणीसशे एकोणसत्तर साली लालासाहेबांनी मला घेतलं. लालासाहेब पलटणीतून कॅप्टन होऊन घरी आलेले, मलकापूरला ऊस असलेले, भारी हौशी गृहस्थ. पेन्शनच्या कामाला साताऱ्याला जायचं तर एस.टी. होती की! पण नाही, हा गडी मलाच काढणार. शेजारी राहीबाई, त्यांची बायको. वाऱ्यानं पदर उडू नये म्हणून त्याचं टोक दातांत धरून बसायच्या आणि तशाच हसायच्या. उंब्रजच्या फाट्यावर पोरंबाळं मागं धावायची. काय दिवस होते ते!

मात्र खडीच्या रस्त्यानं माझ्या तारा सैल व्हायच्या. मग यायचा भाऊसो. मलकापुरात त्याचं सायकलचं दुकान होतं. मोटारीचं त्याला काडीचं कळत नव्हतं, पण तार कळत होती. चाक टांगून तो ते फिरवायचा, मग एकेक तार बोटानं वाजवायचा.

"ही बोलंना झालीया बघा, कॅप्टनसाहेब," म्हणायचा आणि चिमटीतली चावी अलगद पिळायचा. साठच्या साठ तारा एका सुरात बोलल्याशिवाय तो चहाला हात लावत नसे. असा कारागीर मला माझ्या देशातही मिळाला नसता.

पण दृष्ट लागावी तसं झालं. एकाहत्तर साली लालासाहेबांच्या पुतणीचं लग्न निघालं. वरातीसाठी मला झेंडूच्या माळांनी मढवलं. मी तोऱ्यातच मांडवापुढं उभी राहिले. व्याही सांगलीकडचे, नाथाजी नावाचे, बोलायला भलतेच फटकळ. त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि मिशीला पीळ दिला.

"मोटार झ्याक हाय, लालासाहेब. पर सायकलची चाकं का लावलीसा? पैसं कमी पडलं व्हय?"

सगळा मांडव खो खो हसला. लढाईत गोळ्यांपुढं उभा राहिलेला माणूस, पण या हसण्यापुढं त्याचं तोंड एवढंसं झालं. आमच्या मुलखात माणूस एक वेळ उपाशी राहील, पण व्याह्यासमोर नाक खाली जाऊ देणार नाही!

घरी आल्यावर राहीबाई म्हणाल्या, "आवं, हसत्यात तर हसू द्या की. चार दिवसांनी इसरून जातील."

पण लालासाहेबांच्या चुलतभावानं, हरिबानं, तोवर कान भरले होते. "दादा, मोडीतल्या जीपची चाकं टाकू. लय भारदस्त दिसंल गाडी." हरिबाच्या मनात वेगळंच होतं. बैलांच्या शर्यतीच्या छकड्यासाठी त्याचा माझ्या हलक्या चाकांवर कधीचा डोळा होता.

जीपची चाकं माझ्या आसावर बसेनात. तेव्हा आस कापायचा आणि जीपचा तुकडा जोडायचा, असं ठरलं. भाऊसोला कळलं तसा तो दुकान उघडं टाकून पळत आला.

"पाया पडतो, कॅप्टनसाहेब. चाक कवाबी बदलता येतंय. आस कापला की माघारी न्हाई येत."

"तू तुझ्या सायकली बघ," लालासाहेब म्हणाले. तेवढ्यावर विषय संपला आणि माझा आस कापला गेला.

नवी चाकं लागल्यावर मी कशी दिसत होते, ते मला फाट्यावरच्या पोरांनी सांगितलं. म्हणजे काही सांगितलं नाही. ती गोट्या खेळत राहिली. वळण घेताना जाडजूड टायर माझ्याच पत्र्याला घासायचे. लालासाहेब दोनदा साताऱ्याला गेले, तिसऱ्यांदा एस.टी.त बसले.

माझ्या दोन चाकांवर हरिबाचा छकडा जत्रेत पहिला आला. हलगी कडाडत होती, गुलाल उडत होता. आणि लोक बैल सोडून चाकांनाच हात लावून बघत होते. कानामागून आला आणि तिखट झाला! लालासाहेबही त्या गर्दीत उभे राहून चाकांकडे बघत होते. फार वाईट वाटलं मला. उरलेली दोन आणि स्टेपनीचं एक, अशी तीन चाकं भाऊसोनं तेल लावून दुकानात टांगून ठेवली.

मग मी शेडमध्ये आले. माझ्यावर कडबा रचला गेला. बहात्तरच्या दुष्काळात जनावरांनी तो सगळा संपवला, तेव्हा महिनाभर मला फटीतून उजेड दिसला. माणसं पाण्याला रडत होती आणि मी उजेडानं सुखावत होते. मला त्याची लाज वाटते. पुढं पिकं चांगली आली आणि मी पुन्हा अंधारात गेले. माझ्या गादीवर कोंबडी अंडी घालू लागली. कुणीतरी येईल, कडी काढेल आणि मला रस्त्यावर नेईल, एवढ्या एकाच आशेवर मी होते.

आणि अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात कडी खरंच निघाली. पुण्याचे एक डॉक्टर मोटारीनं कोल्हापूरला निघाले होते. भाऊसोच्या दुकानात टांगलेली चाकं बघून ते थबकले. भाऊसो त्यांना म्हणाला, "साहेब, आख्खी गाडीबी हाय. चला, दावतो."

लालासाहेबांनी स्वतः कडबा उपसला. डॉक्टरांनी माझ्या पत्र्यावरून हात फिरवला. "वा! मूळचा रंग! इंजिनही मूळचंच!" सात वर्षांनी माझ्या अंगावर ऊन पडलं होतं. मित्रांनो, मला वाटलं, सुटले.

मग डॉक्टर खाली वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले.

"अहो, हिचा आस कापलाय," ते म्हणाले. "आता ती चाकं हिला बसायची नाहीत. आणि त्या चाकांशिवाय हिला कोण घेणार, कॅप्टनसाहेब?"

डॉक्टर हात झटकत उभे राहिले.

"चाकं मात्र मी नेतो. माझ्याकडे अशीच मोटार आहे, पण पत्र्याच्या चाकांची."

हरिबानं छकड्याची दोन काढून दिली, भाऊसोनं तीन दिली. पाचही चाकं गाडीत चढली. राहीबाईंना राहवलं नाही.

"आन हिचं काय?"

"हिला राहू द्या इथंच," डॉक्टर म्हणाले. "एखादा सुटा भाग लागला, तर येईन."

ते गेल्यावर लालासाहेब माझ्या गादीवर येऊन बसले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "लोकांच्या एका हसण्यापायी गं." राहीबाई दारात होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, मग म्हणाल्या, "उठा आता. कडबा आत घ्यायचाय." कडबा आत आला आणि कडी लागली.

मित्रांनो, मला कुणी ठोकरलं नाही, कुणी चोरलं नाही. ज्यानं मला जीव लावला, त्यानंच मला चारचौघांसाठी बदललं. तुमच्याकडं एखादी जुनी वस्तू असेल, तर लोक हसतात म्हणून तिच्यावर करवत चालवू नका. आणि कधी मलकापूरवरून गेलात, तर त्या शेडची कडी काढा. मला विकत घेऊ नका. घटकाभर दार उघडं ठेवा, एवढंच.