गोळीला प्रसाद कळत नाही

पद्मजाचा थायरॉइड मंदावला आणि आमच्या आळीतला एकेक माणूस डॉक्टर झाला. खालच्या काकूंनी रात्रभर भिजवलेल्या धण्यांचं पाणी सांगितलं. नणंदेनं फोनवरून कोबी-फ्लॉवर बंद करायला लावला. करंजाहून मासळी घेऊन येणारी गोदूबाई टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "बाय, गोल्या खाऊन काय होनार नाय. तुला नजर लागलीय. आमी सांगतो त्ये ऐक, मीठ-मिरच्या ओवाळून टाक." निदान गोदूबाईनं वाट्यावर चार मांदेली जास्त घातली. बाकीच्यांनी नुसता सल्ला घातला.

आणि ज्यांना सल्लाही देता येत नव्हता, ते म्हणाले, "हल्ली बायकांत थायरॉइडची फॅशनच आहे." जणू पद्मजा टिळक रोडवर खरेदीला गेली होती आणि पिशवीत घालून तो घेऊन आली.

पद्मजा दिवसा शाळेच्या ऑफिसात क्लार्क. पण पनवेलात तिला ओळखतात ते तळ्याकाठच्या मुरलीधराच्या देवळातली पेटीवाली म्हणून. गावात कीर्तनकार कुठलेही येवोत, साथीला पेटीवर पद्मजा. मी लहानपणापासून कीर्तनं ऐकत आलेय, त्यामुळे ठामपणे सांगते, चांगली पेटी ऐकू येत नाही. बुवांचा गळा वर चढतो, तिथे ती आधीच जाऊन उभी असते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय बुवांचा गळा! पद्मजा अशी वाजवायची. घरी विशेष कुणी नाही, लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला. त्या पेटीमागची चटईभर जागा हेच तिचं माहेर नि सासर.

तीच जागा आता जायला आली होती.

बोटं सुजायची. आवाज घोगरा झालेला. होळी उलटली तरी अंगात स्वेटर. झोप तर अशी की ऑफिसात फाइल उघडावी आणि तिच्यावरच डोकं टेकावं. डॉक्टर दर खेपेला रक्त तपासायचे, आकडा बघून कपाळाला आठ्या घालायचे आणि गोळीची ताकद वाढवायचे. आकडा काही उतरत नव्हता. शेवटी ते म्हणाले, "बाई, तुम्ही गोळ्या चुकवता. आणि गोडधोड जरा कमी करा." पद्मजानं आयुष्यात एक गोळी चुकवली नव्हती. पण डॉक्टरांचं औषध चुकणं शक्य नसतं, पेशंटच चुकतो, असं त्यांच्या शिक्षणात बहुधा पहिल्याच दिवशी शिकवत असावेत.

रामनवमीच्या कीर्तनाला तर कहर झाला. पूर्वरंग रंगात आलेला, बुवा नामाचा महिमा सांगताहेत, आणि पेटीचा एकच सूर लांबत चाललाय. पद्मजाचा डोळा लागला होता, बोट पट्टीवर तसंच, भात्यावरचा हात नुसता सवयीनं हलत होता. बुवांनी चिपळ्या थांबवल्या, श्रोत्यांकडे वळले आणि म्हणाले, "आम्ही इतकी वर्षं नाम घेतोय, आम्हाला काही जमलं नाही. पेटीवाल्या ताईंची मात्र बसल्या जागी समाधी लागली!"

देऊळ हसलं. कीर्तनातला विनोद मला प्राणापलीकडे आवडतो, पण तो श्रोत्याला जागं करायला असतो. आजारी बाईला ओरबाडायला कुणी व्यासपीठ दिलेलं नसतं. पद्मजा दचकून जागी झाली आणि पुढचा सगळा उत्तररंग खाली मान घालून वाजवत राहिली.

दुसऱ्याच दिवशी देवळाच्या मंडळाचे अध्यक्ष प्रभाकरराव तिच्याकडे आले. मी तिची शेजारीण, तिथेच होते. प्रभाकररावांना सुरातलं काही कळत नाही. लाउडस्पीकर मोठा करायचा की लहान, एवढंच कळतं, आणि ते नेहमी मोठाच करतात.

"पद्मजाताई, विश्रांती घ्या तुम्ही. आमचा सत्यजीत आहे ना, पुतण्या. त्याचा कीबोर्ड आहे. त्यात पेटी आहे, सनई आहे, बासरी आहे..."

"आणि वाजवणारा आहे का?" मी विचारलं.

"शिकेल की! इंजिनिअर आहे तो."

पद्मजा हात जोडून म्हणाली, "गोपाळकाल्यापर्यंत थांबा. तोवर बरी झाले नाही तर मी आपण होऊन उठेन." प्रभाकररावांनी उपकार केल्यासारखी मान डोलावली.

मग मी तिला रिक्षात घातलं आणि पूल ओलांडून नवीन पनवेलला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आभा नाव. वयानं लहान, चेहरा कडक. त्यांनी जुने रिपोर्ट बघितले आणि बाजूला सारले. "गोळी कशी घेता?"

"रिकाम्या पोटी," पद्मजा म्हणाली. हे उत्तर तिनं आजवर इतक्यांदा दिलं होतं की शाळेतल्या मुलासारखं ते तोंडातून सुटलं.

"ते सगळेच सांगतात. सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा. क्रमानं."

"उठते. आंघोळ. मग काकड आरतीला देवळात. आमच्याकडे बारा महिने काकडा असतो. आरती झाली की गोळी. मग घरी येऊन चहा, पण तो तासाभरानं हं."

"देवळात गोळी? पाणी मिळतं तिथे?"

"पाणी कशाला? प्रसादाबरोबरच घेते की."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "प्रसाद कसला?"

"मुरलीधराचा. पेलाभर गरम दूध आणि लोणी-साखर."

मग आभाबाई अगदी हळू म्हणाल्या, "तुम्ही ही गोळी रोज पेलाभर दुधाबरोबर घेताय. आणि सांगताय रिकाम्या पोटी."

"अहो, पण तो प्रसाद!" पद्मजा गोंधळली. "प्रसाद म्हणजे खाणं थोडंच? एकादशीलासुद्धा घेतो आम्ही. प्रसादानं एकादशी मोडत नाही, तर गोळी कशी मोडेल?"

मी मान डोलावली. मलाही ते तितकंच बरोबर वाटलं. पनवेलातल्या कुठल्याही देवळात विचारा, सगळे हेच सांगतील.

"एकादशीला कळत असेल," आभाबाई म्हणाल्या. "गोळीला प्रसाद कळत नाही. तिला नुसतं दूध कळतं. दुधातल्या कॅल्शियममुळे गोळी अंगाला नीट लागत नाही. उद्यापासून साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि पुढे तासभर पोटात काही नाही. प्रसादसुद्धा नाही. ताकद मी थोडी कमी करते, कारण आता ती खरोखर लागेल. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासू. आणि हो, लगेच धावायला लागाल असं समजू नका."

परतीच्या रिक्षात पद्मजा पुलावर आल्यावर म्हणाली, "म्हणजे देवाच्या प्रसादानं मला आजारी पाडलं?"

"देवानं नाही पाडलं गं. त्यानं दूध दिलं. गोळी त्यात आपण बुडवली."

"पण त्या पहिल्या डॉक्टरांनी कधी विचारलं का नाही?"

"त्यांना आकडे वाचता येतात, माणसं नाही. जाऊ दे."

दुसऱ्या दिवसापासून पद्मजा घरीच पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि मग काकड्याला यायची. प्रसादाची वेळ आली की झाकणाची स्टीलची डबी पुढे करायची, आणि तास झाला की ऑफिसला जायच्या आधी घरी ते दूध प्यायची. एक थेंब कधी सांडला नाही की टाकला नाही.

पण आमच्या देवळात आरतीपेक्षा शेजारच्याच्या हाताकडे लक्ष जास्त. आठवडाभरात कुजबुज सुरू झाली. पद्मजा प्रसाद तोंडात घालत नाही. पद्मजा कुठल्या तरी भलत्या महाराजांच्या नादी लागलीय. एकानं तर तिला दूध तळ्यात ओतताना पाहिलंसुद्धा! त्याचे डोळे खरोखर धन्य, कारण न घडलेलं दिसायला डोळे फारच तयार लागतात. प्रभाकरराव सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता काय, प्रसादाचीही पार्सलसेवा!"

तिनं त्यांना गोळीचं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "देवाच्या दुधानं अपाय होतो, हे मी या देवळात ऐकून घेणार नाही."

इकडे पद्मजाचा चेहरा हळूहळू उतरत होता. सूज उतरत होती म्हणायचं मला. श्रावणात स्वेटर पेटीत गेला, म्हणजे कपड्यांच्या. आवाजातली खरखर कमी झाली. द्रुत लयीत बोटं मात्र अजून अडखळायची. ती रोज संध्याकाळी घरी बसून तेच तेच पलटे घोटायची. मी ऐकत असायची. चुकली की ती जीभ चावायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

गोपाळकाल्याचा दिवस उजाडला. काकड आरतीनंतर लगेच काल्याचं कीर्तन होतं. बुवा तेच, रामनवमीचे. आम्ही देवळात शिरलो तर पेटीच्या जागी कीबोर्ड मांडलेला, आणि पेटी खांबाआड सरकवलेली. सत्यजीत वायर घेऊन प्लग शोधत होता.

आरती झाली. पद्मजानं डबी काढली, तोच प्रभाकरराव भरला पेला घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. सगळं देऊळ बघत होतं.

"डबी ठेवा आत. आज काला आहे. सगळ्यांसमोर प्रसाद घ्या आणि मग खुशाल पेटीवर बसा. नाही तर कीबोर्ड लावलेलाच आहे."

एक दिवस दूध प्यायली असती तर काही मोठं बिघडलं नसतं, हे मलाही कळत होतं. पण आज प्यायली असती तर उद्याही प्यावं लागलं असतं. पद्मजानं पेला घेतला. मला वाटलं, संपलं.

ती पेला घेऊन खांबाआड गेली, पेटी ओढून मूळ जागी आणली, कीबोर्ड अलगद बाजूला सारला आणि मांडी घालून बसली. पेला पेटीच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

"प्रसाद घेणार आहे मी," ती म्हणाली. "गोळी घेऊन तास व्हायला अजून थोडा वेळ आहे. तोवर सूर धरते. तुम्ही थांबा ना प्रभाकरराव, बघायचंय ना तुम्हाला?"

"देवाला ताटकळत ठेवणार?"

"देवाला कसली घाई? त्याला कुठे अध्यक्ष व्हायचंय?"

मागच्या बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. पद्मजानं भाता ओढला आणि भूपाळी लावली. संथ, एकेक सूर मोकळा करत. उठून चाललेली माणसं चपलांपाशी थबकली आणि परत येऊन बसली. बुवा उपरणं सावरत आत आले, काही विचारायला तोंड उघडलं आणि न विचारताच बसले. थोड्या वेळानं तेच गुणगुणायला लागले. त्यांच्या लयीच्या मानानं हे फारच सावकाश होतं, पण त्यांना तिच्याबरोबरच चालावं लागलं. मी त्यांचा आवाज पुष्कळदा ऐकलाय, इतका खरा कधी ऐकला नव्हता.

प्रभाकरराव उभेच. बसावं तर हरल्यासारखं, जावं तर पेला कोण बघणार? पहारेकरी होऊन बसले बिचारे, तेही उभ्यानं. घड्याळात बघायचे, दुधाकडे बघायचे. दुधावर साय धरली.

मग पद्मजानं वाजवणं थांबवलं, पेला कपाळाला लावला, डोळे मिटून मुरलीधराला नमस्कार केला आणि सायीसकट शेवटच्या थेंबापर्यंत दूध प्यायली. रिकामा पेला प्रभाकररावांच्या हातात दिला.

"एवढा विसळून ठेवा," ती म्हणाली. "मला कीर्तनाला बसायचंय."