बनाबाईला कुणी न्हाई

रघुवीर वकिलांनी मरताना भोरातलं आपलं घर आणि शेताचं उत्पन्न धर्मादायाला दिलं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांनी शेवटचे दिवस तिथं काढावेत, एवढीच त्यांची इच्छा. कारभार मुलगा उपेंद्र गावच्या पंचांसोबत पाहायचा. खाटा सहाच होत्या, म्हणून पंचांनी नियम घातला: ज्याला मुलगा आहे, त्याला घ्यायचं नाही.

वेल्ह्याकडच्या ज्ञानूला नियम ठाऊक होता. त्याची आई बनाबाई श्रावणात घसरून पडली ती उठलीच नाही. ज्ञानूची बायको वारलेली, आणि तो कोळशाच्या भट्टीवर चार-चार दिवस रानात. एकदा घरी आला, तर आईच्या पाठीतल्या जखमेला मुंग्या लागलेल्या. हाका मारून मारून तिचा आवाज बसला होता.

त्यानं आणि शेजारच्या चिमाजीनं तिला डोलीत घातलं. नसरापूरला विसाव्याला थांबल्यावर ज्ञानू म्हणाला, "आये, तितं इचारलं तर सांग, मला कुणी न्हाई."

"आन् तू?"

"शेजारी."

तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. "बरं," म्हणाली.

भोरात उपेंद्रनं विचारलं, "मुलगाबिलगा?"

"हुता. मेला."

एवढं ज्ञानूनं शिकवलं नव्हतं.

तिला खाट मिळाली. जखम रोज धुतली जायची, गरम पेज मिळायची. ज्ञानू बाजारच्या दिवशी येऊन पायथ्याशी बसायचा. ती त्याला 'पाव्हणं' म्हणायची. एकदा खोलीत कुणी जागं नव्हतं, तेव्हा तो हळूच म्हणाला, "आये, आता तरी नावानं हाक मार की."

"नगं. तोंडाला सवय लागंल."

माघात ती गेली. ज्ञानू पोचला तेव्हा तिरडी बांधून झाली होती. त्यानं खांदा दिला. नीरेच्या काठी सरण रचलं. बेवारस माणसाला अग्नी उपेंद्रच द्यायचा. त्यानं पेटती काडकं हातात घेतली आणि ज्ञानू पुढं झाला.

"मालक, ती माजी आय हाय."

उपेंद्र थबकला. "मुलगा मेला म्हणाली होती."

"खोटं बोलाया म्याच लावलं."

उपेंद्रनं काडकं त्याच्या हातात दिली.

पण चार माणसांनी ऐकलं होतं. पंच बसले. वेल्ह्याकडची माणसं फसवतात, तिकडचं कुणी घ्यायचं नाही, असं ठरलं. उपेंद्र एकटा विरोधात होता; त्याचं चाललं नाही.

शिमग्याच्या आधी चिमाजीनं अंथरुणाला खिळलेली आपली आत्या अंबूबाई डोलीतून आणली. तिला खरंच पोरबाळ नव्हतं. दारातूनच तिला परत पाठवलं. परतीच्या वाटेवर कापूरहोळच्या अलीकडं तिनं प्राण सोडला.

ज्ञानू तिच्या दहाव्याला गेला. चिमाजीनं त्याला बस म्हटलं नाही. तो अंगणाच्या कडेला उभा राहिला आणि थोड्या वेळानं निघून गेला.